भाड्याच्या घरातला शॉवर

श्रोतेहो, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्यांशी आज बोलायचं आहे. विषय आहे बाथटबला शॉवर जोडण्याचा. हसू नका. बाथटब म्हणजे सिनेमातली चैन, असं आपण समजतो. पण आपल्याकडे तो आहे. 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला उभा राहिला, त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरीहून चाकणला गेली. बाहेरदेशचे इंजिनिअर येऊ लागले. अशा साहेबांना घर देता यावं म्हणून कुणी टब बसवला, कुणी नुसत्या हौसेने बसवला. साहेब गेले, टब राहिला. आता त्याच घरात लातूरचं नाहीतर जळगावचं कुटुंब राहतं आणि टबात बादली ठेवून, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळी चालतात.

त्यात वावगं काहीच नाही. टब भरायचा म्हणजे दीडशे लिटर पाणी सहज जातं. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. म्हणजे एका माणसाचं पिण्यापासून धुण्यापर्यंतचं सगळं पाणी एका अंघोळीत गेलं, वर पंधरा लिटर उसने! आणि पिंपरी-चिंचवडला तर नोव्हेंबर 2019 मध्ये पाणी दिवसाआड झालं. त्यामुळे काही घरांत टबाची साठवणीची टाकी झाली आहे.

मग घरात कुणीतरी म्हणतं, शॉवर लावू या. लावा की! पण रविवारी सकाळी शेजारून ड्रिल मशीन येतं, आणि मला बोलायचं आहे ते त्या मशीनबद्दल. टाइलला भोक पाडू नका. हल्ली पाइप भिंतीच्या पोटात असतात. कुठून वर गेलेत, कुठे वळलेत, हे ज्या प्लंबरने टाकले त्यालाच ठाऊक. तो आज कुठल्या साइटवर आहे, देव जाणे. ड्रिलचं टोक सीपीव्हीसी पाइपात घुसलं की भिंत फोडावी लागते. नाही घुसलं, तरी त्या भोकातून रोज थोडं थोडं पाणी टाइलच्या मागे झिरपतं आणि पावसाळ्याआधीच खालच्या मजल्यावरचे काका पोपडे धरलेलं छत दाखवायला तुम्हाला घरी बोलावतात. त्यांचा चहा फार गोड नसतो.

भाडेकरूने मांडववाल्याकडून शिकावं. तो अंगणात येतो, आधी वारा कुठून आहे ते बघतो, बांबूला बांबू सुतळीने बांधतो, खांबाला, झाडाला आधार घेतो. चांगला मांडववाला फरशी फोडत नाही. लग्न झालं, सुतळी सोडली, बांबू टेम्पोत टाकले, अंगण होतं तसं. आपलं भाड्याचं घर म्हणजे अकरा महिन्यांचं कार्य. शॉवर मांडवासारखा बांधायचा, खणायचा नाही.

आता बांधायचा कसा? टबावरचा वॉल मिक्सर नीट बघा. त्याला अर्ध्या इंचाचं एखादं तोंड टोपण लावून बंद केलेलं असेल, तर टेलिफोनिक शॉवरची सोय आधीच आहे. दुकानातून नळी आणि हँड शॉवर आणा, वायसर विसरू नका, हाताने घट्ट करा, झालं. तसं तोंड नसेल, साधाच नळ असेल, तर तो काढून दोन तोंडांचा बिब कॉक बसवता येतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. पण जुना नळ गंजून बसला असेल तर पान्हा घेऊन जोर करू नका, भिंतीतला एल्बो पिळवटतो. तिथे प्लंबरच बोलवा. आणि काढलेला नळ भंगारात देऊ नका! पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. घर सोडताना तोच परत बसवायचा आहे.

शॉवर अडकवायचा कुठे, म्हणाल. दोन भिंतींमध्ये ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो. त्यावरच पडदा लावा. पडदा म्हणजे आपल्या मांडवाची कनात. तिचं खालचं टोक टबाच्या आत सोडायचं, बाहेर नाही. बाहेर सोडलं तर सगळं पाणी दारापर्यंत. टब आणि भिंत यांच्या सांध्यात सिलिकॉन भरलेलं असतं, ते फाटलंय का, तेही बोटाने दाबून बघा. टब केला तो बसून अंघोळ करणाऱ्यासाठी. उभ्या माणसाच्या अंगावरून उडणारं पाणी त्या सांध्यावर रोज पडणार आहे. आणि टबात रबरी मॅट टाका, घरात आजी-आजोबा असतील तर नक्कीच.

मांडववाला वारा बघतो, तसा तुम्ही पाण्याचा जोर बघा, तोही शॉवर विकत घ्यायच्या आधी. दुकानात मोठा रेन शॉवर धो धो कोसळतो, कारण मागे पंप असतो. आपल्याकडे जोर येतो तो गच्चीवरच्या टाकीतून. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब. तुम्ही सातमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असाल तर मजा आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकीच्या पायाशी राहत असाल, तर शॉवरच्या तोंडापर्यंत दोन-तीन मीटरचाच दाब उरतो. तिथे रेन शॉवरमधून नुसतं ठिबकेल. तपासणी फुकट आहे: नळाला साधी नळी लावा, तिचं तोंड डोक्याच्या वर धरा आणि पाण्याची धार कशी येते ते बघा. तेवढंच पाणी शॉवरला मिळणार, जास्त नाही. धार मरतुकडी असेल तर लहान तोंडाचा हँड शॉवर घ्या, बसून अंघोळ करा.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने शॉवरची छिद्रं बुजतात. लिंबाच्या रसात रात्रभर बुडवून ठेवा. गिझरचं मात्र जरा अवघड आहे. तीन लिटरचा इन्स्टंट असेल तर गरम पाण्याचा जोर आणि थंड पाण्याचा जोर जुळत नाहीत, आणि मग... स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट दाखवताहेत, वेळ संपत आली. गिझर पुन्हा कधीतरी.

एक सांगायचंच राहिलं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो. करार लेखी, मग नळ बदलायची परवानगी तोंडी का? मालकाला मेसेज पाठवा: अमुक नळ काढतो, अमुक बसवतो, जाताना पूर्ववत करून देतो. सोबत टबाचा आजचा फोटो. त्यांचं 'हो' जपून ठेवा. डिपॉझिट परत घेताना ते उपयोगी पडतं. आणि ते उत्तर येईपर्यंत शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडेच राहू द्या.