सेराफिनो दुब्वा : दोन नियमांचा खेळाडू



आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना देशी बुद्धिबळ आठवत असेल. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. विलायती नियम शिकताना हात अडखळत असे. हीच अडचण युरोपातल्या एका थोर खेळाडूला आयुष्यभर पुरली, याचे अनेकांना नवल वाटेल.

सेराफिनो दुब्वा यांचा जन्म रोम येथे १८१७ साली झाला. रोमवर तेव्हा पोपची सत्ता होती. इटलीतील बुद्धिबळाचे नियमही इतर युरोपाहून वेगळे होते. किल्लेकोट करताना अन्यत्र राजा हत्तीकडे दोनच घरे सरके. इटलीत मात्र राजा व हत्ती यांनी मधल्या घरांपैकी कोठे बसावे, याची खेळाडूला बरीच मोकळीक असे. दोन घरे उडी घेतलेले प्यादे शेजारच्या प्याद्याला वाटेत टिपता येत नसे. फरक किरकोळ वाटतात. पण राजा कोठे दडणार हेच ठाऊक नसेल, तर हल्ल्याचा सारा बेतच बदलतो. दुब्वा या मोकळ्या किल्लेकोटाचे पुरस्कर्ते होते. मला तो हट्ट वाटत नाही. ज्या नियमांत बुद्धी घडली, त्यांतले सौंदर्य त्यांना दिसत होते.

तरीही ते परक्या पटावर गेले. १८६२ च्या लंडन स्पर्धेत अँडरसन पहिले आले, दुब्वा पाचवे आणि विल्हेल्म स्टाइनिट्झ नावाचा तरुण सहावा. त्याच वर्षी स्टाइनिट्झशी झालेल्या सामन्यात दुब्वांनी तीन डाव जिंकले, पाच गमावले, एक बरोबरीत सुटला. स्टाइनिट्झ पुढे १८८६ मध्ये जगज्जेते झाले. इतिहासाची नजर त्यांच्यावरच खिळली, हे ओघानेच आले.

दुब्वा रोमला परतले आणि त्यांनी लेखणी हाती घेतली. १८६८ ते १८७३ या काळात डावाच्या प्रमुख प्रारंभांवरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. मधल्या काळात, १८७० मध्ये, रोम इटलीच्या राज्यात सामील झाले. देश एक झाला. पुढे शतक संपेपर्यंत इटलीच्या पटावरही युरोपचेच नियम रूढ झाले. दुब्वा यांनी हा बदल डोळ्यांदेखत पाहिला. १८९९ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे रोममध्येच निधन झाले.