अंगणातली शाळा
(हीरकमहोत्सवी समारंभात, बालवाडीच्या शिक्षिकांच्या गौरवप्रसंगी कोलकाता येथे केलेले भाषण)



हीरकमहोत्सव म्हटला की मॅट्रिकचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि नामवंत माजी विद्यार्थी यांची उजळणी होते. बालवाडीच्या बाईंचा उल्लेख झाला तर बहुधा आभारप्रदर्शनात, मांडववाल्याच्या अलीकडे किंवा पलीकडे. आज तो क्रम बदलला आहे, हे योग्यच झाले. दीर्घ सेवेचा हा गौरव ज्या परंपरेचा आहे, त्या परंपरेतील एका शिक्षिकेचे चरित्र या निमित्ताने आठवावे.

अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी एवढ्यावर एका मुलीचे आयुष्य संपले असे समजत. अनुताईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यातील चांदोरीला नोकरी केली, पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. दिवसा शिकवावे आणि रात्रीच्या शाळेत शिकावे, अशा रीतीने १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पुण्यातील नामांकित शाळेतील स्थिर नोकरी ही त्या स्थितीतील स्त्रीसाठी लहान गोष्ट नव्हती. म्हणूनच १९४५ मध्ये त्यांनी ती मागे टाकली, याचे मोल मोठे आहे.

त्या वर्षी बोरिवली येथे ग्रामसेविकांचे शिबिर झाले आणि तेथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी भेट झाली. ताराबाई १९१४ च्या पदवीधर. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या आणि माँटेसरी पद्धतीला भारतीय घरात आणण्याच्या कार्यात रमल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. दादरला शिशुविहारही झाला. तथापि शहरातील सुस्थित मुलांपुरतेच हे शिक्षण राहणार काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले. अनुताई तेथे रुजू झाल्या त्या वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, आणि बालशिक्षणाची दीक्षा त्यांनी अठरा वर्षांनी मोठ्या असलेल्या ताराबाईंकडून घेतली.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण खरी गोष्ट इथेच आहे. केंद्र निघाले, बाई आल्या, साधने मांडली. पण पाड्यांवरची मुले येईनात. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले, कोणी गुरांमागे रानात गेलेले. अशा वेळी पालकांना दोष देणे सर्वांत सोपे असते, आणि आजही शिक्षकांच्या खोलीत तो दिला जातो. या दोघींनी दोष शाळेच्या जागेला आणि वेळेला दिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली पाहिजे. तशी ती गेली. आधी मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणे, गोष्ट, खेळ. विकत आणलेल्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली. लहान-मोठ्याची, खरखरीत-गुळगुळीताची ओळख त्यांनीही तितकीच चांगली होते.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या जवळ गेले. भावंड सांभाळणारी मुलगी शाळेला मुकू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली; तिला विकासवाडी म्हणत. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच वर्ग भरे, ती कुरणशाळा. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी परकीच असते, हेही तेथे उमगले. या साऱ्या धबडग्यात, १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडलेल्या अनुताई बी.ए. झाल्या! ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. अनुताईंनी मात्र कोसबाद सोडले नाही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्या सेवेला सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

या गोष्टीचा कोलकात्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. हुगळीच्या काठी, श्रीरामपूरला, विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले, हा संबंध येथील मराठी माणसे अभिमानाने सांगतात. दुसरा संबंध अधिक जवळचा, पण सहसा कोणी सांगत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ गटांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. ताराबाई-अनुताईंच्या त्या अंगणातूनच ते आले, असे शिक्षणक्षेत्रात मानतात. आज बंगाली लिपीतील पाट्यांवर तोच शब्द झळकतो. लोक मात्र त्या केंद्राला प्रेमाने ‘खिचुडी स्कूल’ म्हणतात. शाळेत पोट भरते, हेच लेकरांच्या आधी ध्यानात राहिले तर त्यात नवल नाही.

नाव देशभर गेले. मान त्याच्या मागोमाग गेला नाही. अंगणवाडीच्या बाईंना मिळते ते मानधन, वेतन नव्हे. ग्रॅच्युइटीचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकाल देऊन सांगावा लागला. मूल जितके लहान तितके शिकवणे सोपे, हा समज त्यामागे आहे. ज्यांनी तीन वर्षांच्या तीस मुलांसमोर एक सकाळ काढली आहे, त्यांनाच तो किती खोटा आहे हे ठाऊक.

परप्रांतातील मराठी शाळेत तर बालवाडीच्या बाईंवर आणखी एक भार असतो. मूल दारात येते तेव्हा त्याच्या कानात शेजारची बंगाली असते, बाजारातली हिंदी असते, दूरदर्शन संचावरची इंग्रजी असते, आणि मराठी असते ती आजीपुरती. ते पाण्याला ‘जोल’ म्हणते. बाई त्याला आधी पाणी देतात. ‘पाणी’ हा शब्द मागाहून, हळूच. हा क्रम चुकला तर मूल त्या भाषेला कायमचे भिते. वरच्या वर्गांतील निबंध आणि वक्तृत्व यांचा पाया तेथे असा, कोणाच्या नजरेस न पडता घातला जातो. तो वर्ग ओस पडला तर दहा-अकरा वर्षांत दहावीचा वर्गही ओस पडेल, हे गणित विश्वस्तांनीही मांडून पाहावे.

बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या दिवशी मुलाचा हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. त्याला ‘हाते खोडी’ म्हणतात. मराठी घरांत दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा होते. दोन्ही सण मुलाच्या वाट्याला यावेत, एवढे भाग्य या शहरात सहज लाभते.

सभेनंतर बालवाडीचा वर्ग सर्वांना पाहण्यासाठी खुला राहील. पादत्राणे बाहेर ठेवावीत. आत मोठ्यांच्या मापाची खुर्ची नाही. गौरवमूर्तींच्या शेजारी, सतरंजीवरच बसावे लागेल.