शाई, खाली आणि हातोडी

तबला शिकायला विद्यापीठात कशाला जायचं, असं अनेक घरांत आजही विचारलं जातं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली उस्ताद मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. तिचाच विस्तार होऊन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात तबल्याची पदवी घेता येते.

अशा वर्गात पहिले काही आठवडे तरी तीनतालच. सोळा मात्रा, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात. दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे विस्तार करायची ठरलेली बोलरचना, वाजवताना खालीच्या भागात डग्गा (घुमणारा जोडवाद्याचा भाग) गप्प होतो आणि ‘धा’चा ‘ता’ होतो. बोटांना ते पटकन जमतं. पण तेच बोल तोंडाने म्हणताना, म्हणजे पढंत करताना, हाताने टाळी धरलेली असली की भलेभले घसरतात!

मग येतो लेखी पेपर. भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही लिपींत बोल लिहायचे, घराण्यांतले फरक सांगायचे. वादकांना हा पेपर जाच वाटतो. पण तबल्याच्या चामड्यावरचा काळा गोल, म्हणजे शाई, कशासाठी, हा प्रश्न तिथेच भेटतो. साध्या चामड्याच्या ढोलात स्वर धड ऐकू येत नाही. मधल्या शाईच्या वजनामुळे उपस्वर एकमेकांशी जुळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकातून येत नाही. हातोडीने गजरा, म्हणजे चामड्याच्या कडेची विणलेली गोल पट्टी, ठोकत तिची सगळी घरं (वादीमधले भाग) एका स्वरात आणणं. एक घर चढवलं, की समोरचं कुरकुरतं.