पेशींच्या पायाखालची भुई



जळगांव जिल्ह्यांतील तापीकांठची केळीची बाग आपण पाहिली असेल. तेथील काळी जमीन भुसभुशीत असली म्हणजे मुळें दूरवर पसरतात. तीच दबून घट्ट झाली, कीं तीं आंखूड व जाड होतात. आपल्या शरीरांतील पेशींचीही गत अशीच आहे.

बहुतेक पेशींच्या भोंवतीं कोलॅजन नांवाच्या तंतूंचें जाळें असतें. पेशी त्या तंतूंना धरून सारखी ओढून पाहते. जाळें लवचीक असेल तर ताण थोडा बसतो, ताठर असेल तर अधिक. आणि त्या ताणाचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोंचून तिचें वर्तन बदलतें. २००६ सालीं अमेरिकेंत एंग्लर, डिशर व त्यांचे सहकारी यांनीं अस्थिमज्जेंतील मूळपेशी जेलीसारख्या निरनिराळ्या थरांवर वाढविल्या. मेंदूइतक्या मऊ थरावर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या ताठ थरावर स्नायूंच्या, आणि त्याहून कठीण थरावर हाडाच्या! अन्नरस मात्र सर्वांचा एकच होता.

याचा आम्हां खानदेशकरांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या गालांत आहे. सुपारी किंवा गुटखा चघळणाऱ्याच्या गालाच्या अस्तराखालीं कोलॅजन सांचत जातें. गाल ताठर होतो, तोंड पुरें उघडेनासें होतें. मुंबईच्या डॉ. जोशी यांनीं १९५३ सालीं या विकाराचें वर्णन केलें. तंतू विणणाऱ्या पेशींना भुई कठीण लागली, कीं त्या अधिकच तंतू विणतात, आणि भुई आणखी कठीण होते. यांतील कांहीं रोग्यांस पुढें तोंडाचा कर्करोग होतो.

गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी आली. पण धुळें असो कीं जळगांव, लग्नघरच्या तबकांत सुपारी असतेच, आणि ती निरुपद्रवी आहे अशी आपली समजूत असते. तंबाखूवांचूनही सुपारी कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला आहे.

म्हणून सुपारी खाणाऱ्यानें आज आरशासमोर उभें राहावें, आणि आपलीं तीन बोटें एकावर एक धरून दांतांमध्यें जातात कीं नाहीं तें पाहावें. जात नसतील तर दंतवैद्यास गांठावें, व सुपारी त्याच दिवशीं सोडावी. घट्ट झालेली जमीन नांगरानें पुन्हां मोकळी करतां येते. गालाचा गेलेला मऊपणा मात्र क्वचितच पुरता परत येतो.