घरच्या हॉटस्पॉटला किल्ली हवी
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आज मी मोबाईलच्या हॉटस्पॉटविषयी चार शब्द सांगणार आहे. विषय अवघड वाटेल, पण माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईलाही जमेल इतकाच तो आहे.

हॉटस्पॉट म्हणजे आपल्या फोनमधले इंटरनेट वाय-फायच्या लहरींनी जवळच्या दुसऱ्या फोनला किंवा संगणकाला देणे. वीज गेली आणि घरचे वाय-फाय बंद पडले, की मुले म्हणतात, "आई, हॉटस्पॉट चालू कर." शेजारीण येते आणि म्हणते, "ताई, पोरीचा फॉर्म भरायचा आहे, जरा नेट द्या ना." शेजारी भरीत पाठविल्यावाचून ज्यांचा हिवाळा सरत नाही, त्या आपण खानदेशच्या बायका! नाही कसे म्हणावे? आणि म्हणूही नये. माझे सांगणे एवढेच, की नेट जरूर द्यावे, परंतु कुणाला दिले ते आपणांस ठाऊक असावे.

वाय-फायच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात, गल्लीत जातात. जळगावहून धुळ्यास एसटीने निघालात आणि हॉटस्पॉट चालू राहिला, तर त्याचे नाव मागच्या बाकावरच्या माणसालाही दिसते. त्याला पासवर्ड नसेल तर कुणीही न विचारता आत शिरेल. मग रोजचा दीड-दोन जीबी डेटा दुपारीच संपतो आणि मुलांचा अभ्यास अडतो. पण हे नुकसान लहान आहे. मोठे नुकसान हे, की त्या परक्या माणसाने केलेले काम बाहेरून पाहणाऱ्यास आपल्याच घरातून झालेले दिसते. सिमकार्ड ज्याच्या नावावर, पहिली विचारणा त्यालाच.

हे मी भीती घालण्यास सांगत नाही. आपल्या महाराष्ट्रातच तसे घडले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरापर्यंत पोचला. त्यांच्या घरचे वाय-फाय उघडे होते आणि दुसऱ्याच कुणी ते वापरले होते. त्यांचा हात नव्हता हे पुढे निष्पन्न झाले, पण तोवर त्यांना चौकशीला तोंड द्यावे लागले. ते घरचे वाय-फाय होते, आपला हॉटस्पॉट फोनमधला. पण उघड्या दाराचा न्याय दोन्हींस सारखाच.

आता उपाय. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट शोधावा. तेथे 'सुरक्षा' अशी ओळ असते. तीत 'काही नाही' किंवा 'ओपन' असेल तर ते बदलून 'डब्ल्यूपीए-३' घ्यावे. हे कुलूप २०१८ साली आले. जुना फोन त्याला जोडला जात नसेल, तर 'डब्ल्यूपीए-२' निवडावे, तेही चालते. काही फोनांत ही ओळ दिसत नाही, तेथे फक्त पासवर्ड पाहावा.

पासवर्ड निदान ८ अक्षरांचा लागतो. बारा-पंधरा असतील तर अधिक बरे. मुलाचे नाव, मोबाईल नंबर, एक ते आठ आकडे हे कुणीही ओळखते. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहावे आणि पुढे आकडा घालावा. उदाहरणार्थ, टोपले, पाऊस, झोका आणि ४७. हा मात्र कुणी घेऊ नका, तो आता साऱ्या मंडळाला ठाऊक झाला!

हॉटस्पॉटच्या नावातही आपले आडनाव किंवा नंबर नको. कोण कोण जोडले आहे ते त्याच पानावर बहुधा दिसते, तेही अधूनमधून पाहावे. आणि काम झाले की हॉटस्पॉट बंद करावा. कुणी जोडलेले नसेल तर आपोआप बंद होण्याची सोय पुष्कळ फोनांत असते, ती चालू ठेवावी.

आता थोडे नाजूक बोलते. पासवर्ड एकदा दिला, की तो समोरच्याच्या फोनात राहतो आणि तेथून आणखी कुणाकडेही जाऊ शकतो. म्हणून पाहुणे गेल्यावर तो बदलावा. त्यात अविश्वास नाही. शेजारणीनेही रुसू नये. पुन्हा लागला तर पुन्हा मागावा, आपण पुन्हा देऊ. घराचे नाव जपणे हेही गृहिणीचेच काम आहे, आणि आता त्या घराला हाही एक दरवाजा झाला आहे.

आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपला फोन पाहावा. ज्यांना अडेल त्यांनी संकोच न करता मंडळात यावे, आपण मिळून करू.