मोटर लावताच इंजिन का दबतं?



लाईट गेली की पुष्कळ ठिकाणी डिझेल इंजिनावर जनरेटर फिरवून विहिरीवरची मोटर चालवली जाते. स्टार्टरचं बटण दाबलं की इंजिन एकदम दबतं, काळा धूर सोडतं. मध्ये तर नुसती तार, मग इंजिनाला ओझं कसलं?

मोट आठवा. रिकामी मोट उतरताना बैलांना ओढ नसते; भरलेली वर येताना नाडा ताणतो. जनरेटरमधून वीज घेतली नाही तर तो हलका फिरतो. वीज घेतली की त्याच्या गुंडाळीतला प्रवाह चुंबकत्व तयार करून फिरण्यालाच विरोध करतो. ते ओझं इंजिनावर येतं, फेरे घटतात, आणि गव्हर्नर जादा डिझेल सोडतो. चार पोलच्या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात.

‘५ एचपीची मोटर, मग ५ एचपीचं इंजिन पुरे’, हा हिशेब इथंच फसतो. एवढी मोटर भरल्या भाराला साधारण साडेचार किलोवॅट वीज घेते. जनरेटरमध्येही काही शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे इंजिनाला सलग ७ एचपीच्या आसपास ओढावे लागतात. शिवाय थेट स्टार्टरवर सुरू होताना मोटर क्षणभर पाच-सहा पट प्रवाह घेते. तेव्हा १० के.व्ही.ए.चा जनरेटर आणि १३-१४ एचपीचं इंजिन असलेलं बरं. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर सुरुवातीचा प्रवाह एक-तृतीयांशावर येतो. मग थोडा लहान संचही चालून जातो.

मोटर लावताना क्षणभर धूर आला तर काळजी नको. तो सुटतच राहिला तर भार जास्त आहे, किंवा फिल्टर, नोझल तपासायला हवं. उलट, दोन बल्बांसाठी मोठं इंजिन तासन् तास चालवू नये. ते पुरेसं तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल काजळी धरतं. भार अपुरा पडतो म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग मात्र आवळू नका. मोटर बंद होताच फेरे व दाब वाढून बल्ब उडतात.

आणि चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर घरच्या लायनीला जोडायचाच नाही. तसं केलं तर वीज उलटी तारेत शिरते. गावाचा भार अंगावर येऊन इंजिन बंद पडेल ते पडेल, पण लाईट गेलीय म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. स्विच बसवण्याचं काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्या.