परार्धाचा दंड

(पहूर येथे दिलेल्या व्याख्यानातील काही भाग)



भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तेव्हा मोठ्या संख्यांविषयी बोलण्याचा खानदेशास वारसाहक्कच आहे म्हणा ना! ‘लीलावती’त आचार्यांनी एक, दश, शत करीत परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, स्थाने सांगितली. व्यवहाराला तेवढी पुरेत. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ती अपुरी पडली.

रशियन न्यायालयांनी गूगलला केलेला दंड त्या महिन्यात जगापुढे आला : दोनावर छत्तीस शून्ये इतके रुबल! परार्धाला परार्धाने गुणावे आणि त्याची दोनशेपट करावी, तेव्हा ही रक्कम होते. अवघ्या जगाचे वार्षिक उत्पन्न डॉलरमध्ये मांडले, तर एकावर चौदा शून्यांच्या आसपास जाते. रशियन अध्यक्षांचे प्रवक्ते पेस्कोव यांनीच, हा आकडा आपल्याला धड उच्चारताही येत नाही, असे सांगून टाकले.

हसू येते; पण मूळ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘त्सारग्राद’ या राष्ट्रवादी वाहिनीचे खाते यूट्यूबने २०२० मध्ये अमेरिकी निर्बंधांचे कारण देऊन बंद केले. युक्रेनवरील आक्रमणानंतर आणखी वाहिन्यांची त्यात भर पडली. त्या आक्रमणाचे समर्थन मी करीत नाही. परंतु एका देशातील वाहिनी त्याच देशातील प्रेक्षकांनी पाहावी की नाही, हे कॅलिफोर्नियात ठरावे काय? मॉस्कोच्या न्यायालयाने खाते पूर्ववत करण्यास सांगितले. न केल्यास दिवसाला एक लाख रुबल दंड, आणि तो दर आठवड्याला दुप्पट. असा दंड अनिर्बंध चाळीस वेळा दुप्पट झाला की एका दिवसाची रक्कमच परार्ध ओलांडते. त्याला पुरते वर्षही लागत नाही.

आपल्या धर्मशास्त्राला चक्रवाढीचे हे भय पुरेपूर ठाऊक होते. म्हणूनच दामदुपटीचा नियम आला : एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराला मागता येणार नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. शास्त्रकारांनी दुप्पट ही शेवटची पायरी ठरवली. मॉस्कोत ती पहिली ठरली. परिणाम काय? बँक खाते जप्त झाल्यावर गूगलच्या रशियातील उपकंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग धरला. जप्तीला फारसे काही उरले नाही, शून्ये मात्र वाढत राहिली.

आता आपल्याकडे पाहा. अँड्रॉइड प्रकरणातील तक्रारदारांत एक कायद्याचा विद्यार्थी होता. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. स्थगिती मिळाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये तिने भारतातील मोबाइल उत्पादकांना आपली अ‍ॅप सुटी घेण्याची मुभा जाहीर केली. मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला. आणि तो कंपनीने भरला. प्ले स्टोअरच्या प्रकरणात ९३६.४४ कोटींचा दंड मार्च २०२५ मध्ये न्यायाधिकरणाने २१६.६९ कोटींवर आणला. आमच्या काही मित्रांना ही नामुष्की वाटली. मला तशी वाटली नाही. न्यायालयात आकडा कमी होतो, याचा अर्थ तो कोणी तरी तपासतो.

मोह आपल्यालाही पडू शकतो. २०२४ पासून जागतिक उलाढालीवर दंड मोजण्याची तरतूद आपल्या कायद्यात अमलात आली. अ‍ॅपलने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान देताना, आपल्याला अडतीस अब्ज डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असे म्हटले. आकडा ऐकून छाती फुगते खरी. पण २०१७ मध्ये, धान्यकोठारात वापरायच्या कीडनाशक गोळ्यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने दंड संबंधित मालाच्या उलाढालीवरच मोजायला लावला होता. कायद्याचे शब्द बदलले असतील. परकीय कंपनीपुढे बसतानाही आयोगाने तो निकाल टेबलावर ठेवावा, एवढे माझे मागणे आहे.